ऊन नसलेले दोन दिवस

मला लिहायची सवय नाही, हे आधीच सांगून ठेवते. बारावी झाल्यावर वही हातात धरली नव्हती. पण आमच्या भागातली आशाताई मागं लागली. म्हणाली, "वेल्ह्याकडं एका पोरीला तुझाच आजार निघालाय. ल्युपस. लग्न ठरायचंय अजून. जेवत न्हाई, बोलत न्हाई. तिच्याशी बोल की जरा."

गेले. अर्धा तास बसले, चहा प्याले, आणि माझ्यासारख्या तोंडाळ बाईच्या तोंडातून शब्द फुटला नाही. त्या पोरीनं एकच विचारलं, "ताई, मी किती वर्षं जगीन?" मी म्हटलं, "अगं, लई." आणि उठून आले. खोटं नव्हतं ते, पण पुरतंही नव्हतं. म्हणून हे लिहितेय. पोरी, वाटलं तर वाच, नाहीतर चुलीत घाल. मला राग यायचा नाही.

गाल

माझं सासर मार्गासनी. घरात आम्ही तिघंच. मी, माझे मिस्टर आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणते. मिस्टर वरवे बुद्रुकजवळ एका छोट्या कारखान्यात कामाला आहेत, मोटरसायकलवर जातात-येतात. घरची भाताची चार खाचरं आहेत, ती आत्या आणि मी बघायचो.

लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा सुरू झालं. सकाळी उठलं की बोटं मिटायची नाहीत. भाकरीचं पीठ मळता यायचं नाही, मी कोपरानं दाबत बसायची. केर काढला की केरात माझेच केस. आणि दोन्ही गाल लाल, नाकावरून एकमेकांना जोडलेले. आत्या म्हणायच्या, "काय गं, लाली लावून चाललीस व्हय रानात? कोण बघणार हाय तुला? म्हशी?" आम्ही दोघी हसायचो.

बायकांनी सांगितलं वांग आहे, साय लाव. चार महिने साय लावली. गाल होते तसेच, उरलेली साय खाऊन मांजर मात्र चांगलं जाड झालं. भोरच्या डॉक्टरांनी संधिवाताच्या गोळ्या दिल्या. शेवटी ताप उतरेना, तेव्हा त्यांनीच पुण्याला जा म्हणून चिठ्ठी दिली.

नाव कळलं तो दिवस

पुण्याचं मोठं हॉस्पिटल. तिथं आजारापेक्षा रांगांनी माणूस दमतं. केसपेपरची रांग, रक्ताची रांग, रिपोर्टची रांग. तिसऱ्या खेपेला एका डॉक्टर मॅडमनी समोर बसवलं. वयानं माझ्याएवढ्याच असतील. म्हणाल्या, "ल्युपस आहे. घर राखायला ठेवलेलं कुत्रं घरच्यांनाच चावायला लागलं, तसं तुमच्या शरीराचं झालंय."

मी विचारलं, "मग बरं कधी होणार?"

"जाणार नाही हा. पण ताब्यात राहू शकतो."

एसटीत बसलो, नसरापूरला आलो. फाट्यावर उतरून मिस्टरांनी वडापाव घेतले, आणि हातातला वडापाव तसाच धरून रडायला लागले. भर फाट्यावर, चार माणसांत. मला मेलीला राग आला. म्हटलं, "मी मेले का? आतापासनं कशाला रडताय? खावा तो आधी." त्यांनी खाल्ला. मग माझा मी कागदात गुंडाळून पिशवीत टाकला.

त्यानंतर मी मोबाईलवर नको ते वाचलं. पूर्वी म्हणे या आजाराची माणसं थोडक्या वर्षांत जायची. पुढच्या खेपेला मॅडमना सरळ विचारलं, "खरं सांगा, किती वर्षं आहेत माझी?"

त्या म्हणाल्या, "ते जुन्या काळचं वाचलंत तुम्ही. आता पुष्कळ जणी म्हाताऱ्या होतात. पण आकडा मी सांगणार नाही, कारण मला तो माहीत नाही. घात कशानं होतो ते सांगते. किडनी बिघडली, मोठं इन्फेक्शन झालं, रक्ताच्या गाठी झाल्या, पुढं जाऊन हृदयाला त्रास झाला. आणि बरं वाटतंय म्हणून पेशंटनं आपल्या मनानं गोळ्या सोडल्या. हे शेवटचं तुमच्या हातात आहे."

पोरी, तू मला विचारलंस त्याचं खरं उत्तर हे आहे. मला त्या दिवशी देता आलं नाही. लघवीची तपासणी चुकवू नकोस, गोळी चुकवू नकोस, ताप आला तर घरात बसू नकोस. आणि मॅडमनी आणखी एक सांगितलं होतं, "उन्हात जायचं नाही."

सावड

गोळ्यांनी तोंड सुजलं, भूक खवळली, मी भांडखोर झाले. आधीही होतेच म्हणा. पण दोन वर्षांत आजार शांत झाला. केस आले. गालांची लाली गेली. मग मी मॅडमना भीत भीत विचारलं, मूल होऊ द्यायचं का. त्यांनी सगळे रिपोर्ट बघितले, दोन गोळ्या बदलल्या, सहा महिने थांबवलं आणि म्हणाल्या, "आता हरकत नाही. या आजारात खूप जणींना चांगली मुलं होतात. फक्त दर महिन्याला इथं यायचं."

दिवस राहिले तेव्हा आत्यांनी वस्तीभर साखर वाटली. मी म्हटलं, "अहो आत्या, तीन महिने तरी होऊ द्या." त्या म्हणाल्या, "मला थांबवत न्हाई. तू थांब, तुला थांबायचं तर."

पाचवा महिना लागला आणि आषाढात लावणी आली. आमच्याकडं मजूर लावून लावणी करणारं घर विरळा. सावड असते. आज सगळ्यांनी मिळून तुझं खाचर लावायचं, उद्या माझं. प्रत्येक घरानं आपलं माणूस द्यायचं. ज्या घरातनं माणूस येत नाही, त्या घराच्या खाचरात कोणी वाकत नाही. कोणी भांडत नाही त्यावरून, बोलतसुद्धा नाही. फक्त येत नाहीत. आणि रोप काय कुणासाठी थांबत नाही, वेळ टळली की गेलं.

आमच्या घराचं माणूस म्हणजे आत्या. बांधावरून घसरल्या आणि उजवं मनगट सुजून आलं. दोन दिवस शेजारच्या पारूकाकूच्या खाचराचे उरले होते, त्यानंतर आमची पाळी. मिस्टरांना कारखान्यातनं रजा मिळेना. आत्या एका हातानं इरलं डोक्यावर घ्यायला लागल्या.

मी म्हटलं, "बसा घरात. मी जाते."

"येडी का काय? डाक्टरीणबाईंनी काय सांगितलंय?"

"उन्हात जाऊ नको म्हणून सांगितलंय. ऊन कुठंय? दाखवा मला."

आणि खरंच नव्हतं. पंधरा दिवस सूर्य दिसला नव्हता. तोरणा कुठल्या बाजूला आहे ते पाहुण्याला सांगता आलं नसतं, एवढं धुकं. दुपारी घरात दिवा लावावा लागत होता. आत्यांनी वर बघितलं, आभाळाकडं, बराच वेळ. मग म्हणाल्या, "व्हय, ऊन तर न्हाई. पण दमलीस की बांधावर बस." आमच्याकडं पोटुशी बाई चिखलात उभी राहणं नवीन नाही. आठव्या महिन्यापर्यंत बायका लावणी करतात.

मला कोणी ढकललं नाही. हे मी इथं स्पष्ट लिहितेय, कारण पुढं कामाला येणार आहे.

ते दोन दिवस

खरं सांगू? त्या दोन दिवसांएवढी मी आयुष्यात खूश नव्हते.

तीन वर्षं मी आजारी बाई होते. लग्नाकार्यात मला खुर्ची द्यायचे. विहारात बायका सरकून जागा करायच्या. त्या चिखलात मी बारा जणींमधली एक होते. बोटं झरझर चालत होती. पारूकाकू म्हणाली, "आज दोघी आल्यात गं हिच्या घरनं. सावडीत आपल्यावर दोन दिसांची फेड चढली. पोटातलं बी रोप लावतंय बघ." सगळ्या खदखदून हसल्या. मी पण हसले, आणि त्याच वेळी पोटात काहीतरी सुळकन हललं. पहिल्यांदाच. मी रोपांची जुडी हातात धरून तशीच उभी राहिले. कोणाला बोलले नाही. घरी जाऊन आत्यांना सांगितलं, त्यांनी सुजलेला हात माझ्या पोटावर ठेवला आणि जेवण निवून जाईपर्यंत काढला नाही.

नंतर आमची पाळी आली. बाकीच्या अकराच्या अकरा जणी आल्या, आमची चारी खाचरं लावून झाली. त्या वर्षी भात भरघोस आलं. तो भात आम्हीच खाल्ला. त्याचा मला किती राग आला ते मी कोणाला सांगितलं नाही, पहिल्यांदा इथं लिहितेय.

वॉर्ड

आठ-दहा दिवसांत गाल पुन्हा पेटले. पाय सुजले, बोट दाबलं की खड्डा राहायचा. लघवीला फेस. महिन्याची तारीख आठवड्यावर होती, पण मिस्टरांनी त्याच दिवशी टेम्पो केला. मॅडमनी रक्तदाब बघितला आणि व्हीलचेअर मागवली. मला म्हणाल्या, "किडनीवर आलंय." मग विचारलं, "उन्हात गेला होतात?"

मी म्हटलं, "ऊन नव्हतंच हो मॅडम. ढग होते. दोन दिवस खाचरात होते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "ढगातूनही येतं ते. दिसत नाही, पण येतं. मी तुम्हाला ऊन म्हणून सांगितलं, ढगांचं सांगितलंच नाही. माझ्या लक्षातच आलं नाही, तुमच्याकडं पावसाळाभर आभाळ असंच असतं ते."

वॉर्डातला दिवस पहाटे रक्त काढायला येतात तिथं सुरू होतो. मग वजन, मग लघवी किती झाली ते मापून लिहायचं, मग सलाईनमधनं औषध. शेजारच्या पलंगावर भोरची एक मुलगी होती, तिची आई शमीमभाभी सोबतीला. भाभी माझा डबा गरम करून आणायच्या, मीठ नसलेली भाजी बघून तोंड वाकडं करायच्या. "हे काय जेवण आहे गं? माणसाला खायला देतात का असलं?" म्हणायच्या आणि माझ्या पुढ्यात बसून मला खायला लावायच्या.

नवव्या दिवशी सकाळी मी आत्यांना म्हटलं, "कालपासनं हललं नाही."

सोनोग्राफीवाल्या डॉक्टरनं पोटावरनं मशीन फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग पडदा माझ्याकडनं दुसरीकडं वळवला. तेवढ्यावरच मला कळलं. बाकी बोलले ते मला ऐकू आलं नाही.

कळा आणायचं औषध दिलं. पोरी, हे तुला घाबरवायला लिहीत नाही, पण गाळून लिहिलं तर बाकीच्यावर तू विश्वास कसा ठेवशील? बाळंतपण तेच असतं. त्याच कळा, तोच घाम. फक्त शेवटी कोणी काही बोलत नाही. त्यात माझा रक्तदाब चढला, फिट आली, आणि मी दोन दिवस आयसीयूत होते. शुद्धीवर आले तोवर मिस्टर आणि आत्या बाळाला गावी नेऊन, सगळं करून परत आले होते.

वॉर्डात परत आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मला दूध आलं. मला माहीतच नव्हतं, तसं होतं म्हणून. गाऊन पुढनं भिजला आणि मी हातांनी झाकत बसले. शमीमभाभींनी बघितलं. पडदा ओढला, आपली ओढणी काढली आणि माझी छाती बांधून दिली. ती ओढणी अजून माझ्याकडं आहे, मी परत केली नाही.

घरी जायच्या दिवशी मी मॅडमना विचारलं, "मी खाचरात गेले म्हणून झालं ना?"

"असं मी म्हणणार नाही. न जातासुद्धा झालं असतं. या आजारात होतं."

"नक्की सांगा. हो का नाही?"

"नक्की कोणालाच सांगता येणार नाही."

तेवढं एक वाक्य मी घरी घेऊन आले. हो म्हणाल्या असत्या तर मी स्वतःला शिव्या घालून मोकळी झाले असते. नाही म्हणाल्या असत्या तर आजाराला. आता मी अधेमधे लटकलेय, आणि ते दोन दिवस आठवले की हसू की रडू तेही कळत नाही.

पुढची वर्षं

याला तीन वर्षं झाली. किडनी थोडी गेली, थोडी आहे. आहे ती सांभाळायची. गोळ्यांनी खुब्याचं हाड दुखतं, जिना चढताना कठडा धरते. डोळ्याला मोतीबिंदू सुरू झालाय, या वयात. मूल आता नको, मॅडमनी स्पष्टच सांगितलं, किडनी झेपणार नाही. मिस्टर म्हणाले, "मला तू पाहिजेस, बाकी काही नको." चांगला माणूस आहे. पण नात्यातल्या पोरांना खांद्यावर घेतो तेव्हा मी दुसरीकडं बघते.

सगळ्यांत अवघड झालं ते आत्यांचं. ज्या बाईनं वस्तीभर साखर वाटली, ती माझ्याकडं बघेना. काम सगळं करायच्या. मला घागर उचलू द्यायच्या नाहीत, गोळ्या वेळेवर पाण्यासकट आणून द्यायच्या. पण नजर जमिनीवर. चेष्टा नाही, टोमणा नाही, "येडी" नाही. मी मनाशी धरलं, की हिनं माझं नातवंड खाल्लं असं म्हणत असणार मनात. म्हणेनात का, मीही तेच म्हणत होते. तीन वर्षं आम्ही दोघी एका घरात अशा राहिलो.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी त्या मला केसाला तेल लावत होत्या. केस पुन्हा गळायला लागलेत. त्यांनी गळलेले केस हळूच मुठीत लपवले, मला दिसू नयेत म्हणून. आणि माझं डोकं फिरलं. मी त्यांचा हात झटकला. ओरडलेच, "लपवता काय? मला दिसतंय सगळं! बोला की एकदाचं! मी मारलं तुमचं नातवंड, म्हणा! तीन वर्षं तोंड फिरवून बसलाय, त्यापेक्षा थोबाडीत मारा माझ्या!"

तेलाची वाटी हातात होती, ती आत्यांनी बाजूला ठेवली.

"तू?" त्या म्हणाल्या. "तू कुठं मारलंस? माझा पाय घसरला. माझा हात मोडला. म्या वर बघून म्हनले, ऊन न्हाई म्हनून. म्या धाडली तुला. कुठल्या तोंडानं बघू तुझ्याकडं?"

तीन वर्षं मी ज्या गुन्ह्यासाठी स्वतःला खात होते, तोच गुन्हा ही बाई माझ्या शेजारी बसून आपल्या नावावर घेत होती. मी त्यांचं मनगट धरलं. ते मोडलेलंच होतं, आणि तेव्हा कोणी दाखवलंच नव्हतं, नीट बसलंच नाही ते. आम्ही दोघी सगळा वेळ हॉस्पिटलात होतो, पण माझ्याच खाटेपाशी.

मग जे मी कधीच विचारलं नव्हतं, मिस्टरांनाही नाही, ते माझ्या तोंडून गेलं. "आत्या, काय होतं? मुलगा का मुलगी?"

"पोरगी," त्या म्हणाल्या. "एवढीशी. माझ्या ह्या हातात मावली."

त्यांनी तेलाचे हात पदराला पुसले. मग सांगायला लागल्या.

"हास्पिटलातनं कपड्यात गुंडाळून दिलेली. घरी आणली. तुझा नवरा म्हनला, आई, आता लगेच जाऊ, अंधारायच्या आत. म्या म्हनले, थांब. पानी तापवलं. आजीनं लेकराला न्हाऊ घालायचं असतंय, ते तरी करू दे म्हनलं मला. पायावर घेतली. कोमट पानी घातलं, एका हातानं. लई हळू. पानी पडलं की लेकरं रडत्यात गं. म्या घालायची आन् थांबायची. घालायची आन् थांबायची. म्हनलं, रडंल आता."